सम आकड्यातल्या खुर्च्या

प्रेरणादायी भाषणं देणाऱ्या सरांची एकच अट असायची: खुर्च्या सम आकड्यातच मांडा. कारण भाषण ऐन रंगात आलं की ते सांगायचे, “शेजाऱ्याचा हात हातात घ्या आणि म्हणा, तू दमलायस, पण हरलेला नाहीस.” मग ते चार सेकंद गप्प राहायचे आणि साउंडवाला हळूच बासरी सोडायचा. निम्मं सभागृह डोळे पुसायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

आज पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी राहिली. सरांनी हात हातात घ्यायला सांगितलं तसं शेजारच्या आजींनी इकडेतिकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि थेट मंचावर चढल्या.

“आजी, काही हवंय का?”

“नाही रे. तुझ्याही शेजारी कुणी नाही, म्हणून आले.” त्यांनी सरांचा हात हातात घेतला. “दमलायस बाळा. पण हरलेला नाहीस.”

सर गप्प झाले.

“काय टायमिंग आहे!” कुणीतरी कुजबुजलं.

मागे साउंडवाला सवयीने मोजत होता. चार झाले, दहा झाले, तीस झाले. मग बासरी न सोडता त्याने सरांचा माइक बंद केला. रडणं तरी त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे, म्हणून.