विलंबितातला पुरावा

"सापडली! आता बघतेच तुमच्याकडे," म्हणत बाईंनी धुळीच्या खोक्यातून रेकॉर्ड उपसून काढली आणि नवऱ्याच्या नाकासमोर नाचवली.

जुन्या रेकॉर्डींच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पण बाईंना जग जिंकल्यासारखं वाटत होतं. बाई जन्मभर गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा घोरतो म्हणून त्यांनी त्याला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर धाडलं होतं. तो बिचारा रोज सकाळी कंबर धरून उठायचा आणि एकच पालुपद लावायचा, "मी घोरत नाही गं."

शेवटी पैज लावली ती बाईंनीच. नव्या संसारात दोघं एका मैफलीला गेली होती. पुढे तिची रेकॉर्ड निघाली आणि त्यात कुणीतरी चक्क घोरतंय, हे साऱ्या कानसेनांत गाजलं. ती रेकॉर्ड मिळवायची आणि सोक्षमोक्ष लावायचा. घोरणारा दिवाणावर, कायमचा!

"आम्ही पहिल्याच रांगेत होतो, माइकला खेटून," बाई दुकानदाराला सांगू लागल्या. "लाज आणली यांनी! मी 'अहो, अहो' करून दमले."

"गाणं कसं झालं होतं?"

"अप्रतिम! मी डोळे मिटूनच ऐकत होते. विलंबित ख्याल तेवढा बुवांनी आटोपता घेतला. सुरू झाला म्हणेपर्यंत टाळ्याच."

"इथे तर अख्खी बाजू तोच आहे," दुकानदार म्हणाला.

"रंगलं की वेळ कळत नाही हो!"

"अगं, राहू दे ना," नवरा हळूच म्हणाला. "मी झोपतो दिवाणावर. कमरेला सवय झालीये."

"चोराच्या मनात चांदणं! लावा हो तुम्ही."

सुई टेकली. थोडी खरखर झाली, तंबोरे घुमले, बुवांनी षड्ज लावला. आणि त्या षड्जाला बिलगून, अगदी सुरात, कुणीतरी घोरू लागलं.

दुकानदाराने ओठ दाबून धरले. बाईंच्या डोळ्यांत तर आनंदाने पाणी आलं. इतक्या वर्षांनी का होईना, न्याय झाला होता.

"थांबा, आता माझं 'अहो' येईल," त्या म्हणाल्या. नवरा छताकडे बघत राहिला.

घोरणं काही थांबेना. मग त्यावर एक दबका, काकुळतीला आलेला आवाज उमटला.

"अगं... अगं, ऊठ ना. बुवा बघताहेत."