शांतम्माच्या मेलवर

"तुमच्या फायली कुठं ठेवता, सर?" सबिहानं विचारलं.

मल्लिनाथ हत्तुरे सरांनी समोरच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपकडं पाहिलं. त्यात अजून काहीच नव्हतं. जुना गेल्या मंगळवारी बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्यानं हात टेकले होते.

सबिहा ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करत होती. विद्यापीठातले प्राध्यापक कॉम्प्युटरवरची आपली माहिती कशी लावतात, कशी जपतात, हा तिचा विषय. जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमधली मुलाखत सतरावी. कुणी सगळं डेस्कटॉपवर पसरून ठेवायचं, कुणी एकाच फाइलीला 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरं अंतिम' अशी नावं द्यायचं. सर पेनड्राइव्ह काढतील, असं तिला वाटलं.

"रोज संध्याकाळी मी दिवसभराचं काम शांतम्माच्या मेलवर टाकतो," सर म्हणाले. "मोबाइल घेतला तेव्हा मुलानं तिचा मेल काढून दिला होता. रिकामाच पडून होता. पाठवलं की माझ्या मेलमधून पुसून टाकतो, जागा भरते. बारा वर्षं झाली."

"आणि लागलं की शोधता कसं?"

"वेळच आली नाही कधी. लॅपटॉपवर असायचं की." ते थांबले. "आता आलीय. सीमेवरच्या बोलीचा कोश सोमवारी छापायला द्यायचाय."

त्यांनी बायकोला हाक मारली. शांतम्मा पदराला हात पुसत आल्या, एकेक अक्षर हेरून त्यांनी पासवर्ड टाकला आणि परत स्वयंपाकघरात गेल्या.

इनबॉक्समध्ये तीनच मेल होते. तिन्ही जाहिरातींचे.

सरांचा चेहरा उतरला. "पुसलं वाटतं तिनं. तिला तरी काय माहीत."

सबिहानं खुर्ची पुढं ओढली. पडद्याच्या डाव्या बाजूला फोल्डरांची रांग होती. 'माहेरचे शब्द'. 'शेतातले'. 'बाजारात ऐकलेले'. 'आधी पाठवलंय, परत तेच'. 'चिडून लिवलंय'. एकेकात शेकडो मेल, सगळे उघडून वाचलेले. सोळा मुलाखतींत इतकी नीट लावलेली माहिती तिनं पाहिली नव्हती.

"सर, हे कुणी लावलं?"

सरांचं लक्ष रांगेच्या तळाशी गेलं होतं. 'ड्राफ्ट २१२'. त्यांनी स्वतःच तिथं क्लिक केलं.

'हुग्गी तांदळाची न्हाय, गव्हाची. तांदळाची कुणी सांगितली? माझ्या हातची खाताय की इतकी वर्सं.'

'ह्यो शब्द आमच्या दुधनीत बाया म्हणत न्हाईत. बाप्येच म्हणतात.'

'आजचं लई चांगलं लिवलंय.'

खाली अशी दोनशेवर उत्तरं. एकही पाठवलेलं नाही.

"शांतम्मा!"

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात उलथनं होतं.

"तू हे सगळं वाचत होतीस?"

"मला पाठवलंय म्हटल्यावर वाचू नको व्हय?"

"मग उत्तरं का नाही पाठवलीस?"

शांतम्मांनी सबिहाकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "लिवायची मी. पण नंतर जेवताना तुमी त्या शब्दाचं नावबी काढायचा न्हाई. म्हटलं, यास्नी नको असंल."

सरांनी फोन उचलला आणि छापखान्याचा नंबर लावला.

"सोमवारी नको," ते म्हणाले. "चुका आहेत. बऱ्याच आहेत."

किती दिवस लागतील, असं पलीकडून विचारलं असावं. सरांनी फोनवर हात ठेवला आणि ते दाराकडं वळले.

"शांतम्मा, किती दिवस लागतील?"

दारात कुणी नव्हतं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या चष्मा शोधत होत्या.