आभाळाला तीट

१९५९ सालचा एप्रिल. नंदुरबारजवळ कोरीट गावच्या घरी ओट्यावर एकीकडे मिरच्यांचा ढीग होता आणि दुसरीकडे आभाळाचे कागद पसरले होते.

कागद रूपचंदचे. तो पुण्याकडे एका वेधशाळेत उमेदवारी करत होता आणि सुट्टीत ते तपासायला घरी घेऊन आला होता. आभाळाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो, एक निळ्या काचेतून घेतलेला, एक तांबड्या. कागदावर आभाळ पांढरं आणि तारे काळे. निळ्यात दिसतो पण तांबड्यात नाही, असा तारा फार दुर्मिळ. महिनाअखेर तसा एकही सापडला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मिरच्या तापीबाईच्या. ती त्याची आत्या. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बोलता बोलता ढिगातून रंग उडालेली मिरची ती अचूक उचलायची.

"फुई, मिरचीना हात कागदले लावू नको."

"का? तुन्हा आभाळले झोंबी का ते?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "काय शोधी ऱ्हायना रे इतला?"

"तुले समजाव नही."

अठ्ठावीस तारखेला, जेवून उठल्यावर, त्याला निळ्या कागदावर ठसठशीत ठिपका दिसला. तांबड्यावर ती जागा कोरी. भिंग लावायचीही गरज वाटली नाही. नंदुरबारला जाऊन त्याने कागद आणि ताऱ्याची नोंद वेधशाळेतल्या सरांना रजिस्टरने पाठवली आणि येऊन आत्याच्या पाया पडला.

"सापडी गया, फुई!"

"सापडनारच. सकायले मी तुन्हा कागदले काजळनी तीट लाई दिन्ही व्हती. गावनी नजर वाईट शे."

 रूपचंदने लगेच सरांना दुसरं पत्र लिहिलं. 'तो तारा नाही, काजळ आहे. क्षमा असावी.' काय झालं ते कळल्यावर तापीबाई दिवसभर जेवली नाही.

अठरा दिवसांनी सरांचं उत्तर आलं. त्यांनी कापसाने काजळ पुसलं होतं. खाली बारीकसा खरा ठिपका निघाला. पुन्हा फोटो घेतला, तारा तिथेच होता. जागा राहिली.

सर निवृत्त होईपर्यंत दर नव्या विद्यार्थ्याला ही हकिकत सांगत. रूपचंद तिथेच मोठ्या हुद्द्यावर चढला आणि त्याने तसे आणखी बरेच तारे शोधले. तापीबाईने वेधशाळा कधी पाहिली नाही. ती सदुसष्ट साली गेली.

ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात रूपचंद ओट्यावर शेजाऱ्यांना हसत सांगत होता, "इतला मोठा कागद, आनि फुईनं काजळ बरोबर तठेच लागनं! नशीब, दुसरं काय?"

तापीबाई चिडली.

"नशीब कसानं रे, येडा? दोन्ही कागद मी शेजारी मांडीसन देखात. एक ठिपकाले दुसरा कागदवर जोडीदारच नव्हता. एकला पोरले नजर लवकर लागस."