झिवानाची रांग

"मॅडम, तुम्ही फक्त खाली जाऊन कॉफी पिऊन या," तियाना दार लोटत म्हणाली. "परत याल तेव्हा तुमची तारीख पुढच्या आठवड्यातली असेल. मी काही केलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही."

"आणि ज्याची तारीख जाईल त्यानं काय प्यायचं?" झिवानानं विचारलं.

तियाना झिवानाची मदतनीस होती, आणि ऑफिसात झिवानाशी नीट बोलणारी तेवढीच एक उरली होती.

झिवानाच्या फुफ्फुसावर डाग निघाला होता. स्कॅन झाल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हता. एप्रिल चालू होता आणि स्कॅनची तारीख मिळाली होती नोव्हेंबरची. सर्जननं तोंडावर सांगितलं होतं, "नोव्हेंबरमध्ये जरूर या. पण तेव्हा मला काही करता येईल असं धरून चालू नका."

तारीख देणारी यंत्रणा झिवानाचीच होती. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांच्या तारखा एका संगणकावर आणायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा मंत्रालयात लोक हसले. हसणारच. त्याआधी तारखा पेन्सिलीनं लिहीत, कारण पेन्सिल खोडता येते. कुणाचा मेव्हणा डॉक्टरबरोबर शिकलेला, कुणी दारूची बाटली पोचवलेली. त्याचं नाव वर. ज्याचं कुणी नाही तो खाली, आणि खालीच मरायचा. झिवानानं ते खोडणं बंद केलं. मंत्री आले नि गेले. प्रत्येकाच्या माणसाचा फोन आला. प्रत्येकाला तिनं एकच शब्द सांगितला: रांगेत.

पाठीमागे लोक तिला 'रांगेत' याच नावानं ओळखू लागले. आधी शेजारणी बोलेनाशा झाल्या, मग मैत्रिणी. घराण्याच्या संताच्या सणाला इथं आमंत्रण नसतं. ज्याला आठवण असते तो येतो. गेल्या हिवाळ्यात तिनं गहू शिजवला, कोबीच्या पानांत खिमा भरला, मेणबत्ती लावली आणि दार नुसतं लोटून ठेवलं. नंतर कितीतरी दिवस ती एकटीच ते गरम करून खात होती.

सगळ्यात लागलं ते भावाचं. मिलोये तिच्याहून धाकटा. गावाबाहेर हमरस्त्यावर त्याची खानावळ होती, भट्टीवर अख्खं कोकरू भाजून विकायची. त्याची बायको स्तामेना आजारी पडली तेव्हा तोही टोपी हातात घेऊन ऑफिसात आला होता.

"ताई, आयुष्यात तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"आताही मागू नकोस, मिलोये."

स्तामेनाची तारीख यायच्या आत स्तामेना गेली. दफनाला झिवाना कुंपणापाशी उभी राहिली. मिलोयेनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

"भावाला तरी कळवू का?" तियानानं विचारलं.

"खबरदार. काय सांगशील? देवानं न्याय केला म्हणून?"

मे महिन्यात मोबाइलवर निरोप आला. एक जागा रिकामी झाली होती. मंगळवारी स्कॅनला यायचं. झिवानानं तो स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाचला. आपली स्वतःची नोंद कुणी कर्मचाऱ्यानं उघडायची नाही, हा नियम तिनंच केला होता. तो तिनं आताही पाळला. फक्त तियानाला फोन लावला.

"तू केलंस?"

"आईशप्पथ मॅडम, मी संगणकाला हातही लावला नाही."

स्कॅन वेळेत झालं. शस्त्रक्रिया झाली. "नोव्हेंबरमध्ये आला असतात," सर्जन म्हणाला, "तर नुसता हात मिळवून परत पाठवलं असतं."

चालायची ताकद आल्यावर ती बसनं मिलोयेच्या खानावळीत गेली. तो भट्टीपाशी होता. तिला पाहून त्यानं खुर्ची पुसली.

"बस. उभी राहून पडशील."

ती बसली. वाटेत जुळवलेलं सगळं तिनं एका दमात सांगितलं. "मीपण रांगेतच थांबले, मिलोये. स्तामेनासारखीच. कुणाला फोन केला नाही. मेले असते तरी केला नसता. एवढंच तुला सांगायचं होतं."

"आणि मग?"

"मग जागा निघाली. कुणीतरी गळालं असेल, यंत्रणेनं मला वर घेतलं. तिच्या वेळी नाही निघाली. त्यात माझा हात नव्हता रे."

मिलोये सुरीनं मांस कापत राहिला.

"बरंच शहाणं झालं म्हणायचं तुझं यंत्र."

"टोमणा मारतोयस."

"टोमणे मारायचे असते तर पाच वर्षं गप्प कशाला बसलो असतो? खा. गालफडं बसलीयत तुझी. आणि मीठ कमी म्हणायचं नाही, लहानपणापासून तुझं तेच."

झिवाना हसली, मग रडली, आणि मग खाल्लं. कितीतरी दिवसांत कुणी तिला वाढलं नव्हतं. निघताना त्यानं मांसाचं पुडकं बांधून दिलं, बस थांबवली, तिला दंडाला धरून चढवलं.

"सणाला येशील?" तिनं खिडकीतून विचारलं.

"दार लोटून ठेव," तो म्हणाला.

बस वळणाआड गेली. मिलोयेनं हात पुसले आणि फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, शनिवारी तुमचं कोकरू पोचतं करतो. हो, भेटून गेली. छे, तिला काही माहीत नाही, आणि त्या तियाना पोरीनं मला फोन केला तेही कळता कामा नये. यंत्रानंच केलं म्हणून खूश आहे बिचारी, राहू दे." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. "कोण? त्या मंगळवारी ज्याचं नाव खोडून हिचं घातलंत तो म्हातारा? अजून येऊन बसतो होय तुमच्या स्कॅनखोलीच्या दारात? बसू दे की. माझी बायकोपण बसलीच होती."