लाल काटा

"जव्हार सोडलं आणि एसी गरम हवा फेकायला लागला," उमेश म्हणाला. बॉनेट त्याने आधीच उघडून ठेवलं होतं. "लगेच होईल का? बाबांना खोडाळ्याला न्यायचंय."

कमलेशने हातातला पाना खाली ठेवला. मोखाड्याच्या स्टँडच्या थोडं पुढे, रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. वसईत एसीचं काम शिकून तो गावाकडे परतला होता. आज बाजार होता आणि वर मे महिन्याचं ऊन. माणसं कोंबलेल्या जीपा धुरळा उडवत जात होत्या.

गाडीत मागे एक म्हातारी खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हातारा झोपला होता. गळ्यापर्यंत चादर.

"आजारी आहेत?" कमलेशने विचारलं.

"विरारला दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. त्यांचाही एकच हट्ट, मला गावाला ने."

"मग आईबाबांना आत सावलीत बसवा ना. गाडी किती तापलीय."

"नको," उमेश आणि म्हातारी एकदमच म्हणाले.

कमलेशने दाब मोजायच्या मीटरच्या नळ्या जोडल्या आणि एसी लावायला सांगितलं. निळा काटा जागेवर राहिला. लाल काटा मात्र चढत गेला, चढतच गेला, आणि टोकाला पोचायच्या आत कॉम्प्रेसर खट्कन बंद पडला.

"गॅसचं प्रेशर फार चढतंय. म्हणून कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. एवढ्यात गॅस भरून घेतलात का?"

"नाही. दिवाळीपासून कोणी हात लावलेला नाही."

म्हणजे गॅस जास्त झालेला नव्हता. पुढचा पंखाही चांगला फिरत होता. कमलेशने मान खाजवली. "समोरच्या हॉटेलातून बादलीभर पाणी आणता? एसीच्या पुढच्या जाळीवर मारून बघू."

उमेश रस्ता ओलांडून गेला, तशी मागची काच खाली आली.

"पोरा, इकडं ये," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माझ्या उमेशला सांगू नको. म्हातारा गेलाय."

कमलेशला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"जव्हारच्या पुढंच गेला. हाक मारली, ओ नाय दिली. नाकाशी बोट धरलं, काय नाय लागलं. पोरगा गाडी चालवतोय, पुढं सगळी वळणं हायत. आता कळलं तर त्याचे हात कापतील." तिने म्हाताऱ्याच्या छातीवरची चादर सारखी केली. "घरी पोचू दे त्याला. तवर म्हातारा झोपलाय."

काच परत वर गेली.

उमेश बादली घेऊन आला तेव्हा कमलेशला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मागच्या सीटकडे तर त्याने मान वळवलीच नाही. बॉनेटमध्ये डोकं घालून तो जाळीवर पाणी मारू लागला. लाल काटा भराभर उतरला, कॉम्प्रेसर लागला. पाणी ओघळून गेलं, काटा पुन्हा वर.

"जाळीला हवा मिळत नाहीये," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पंखा ओढतोय, पण हवा कुठेतरी अडतेय."

तो बंपरखाली आडवा झाला आणि बॅटरी मारली. खताच्या गोणीचा मोठा तुकडा खालून आत ओढला जाऊन जाळीला गच्च चिकटला होता. वरून बघणाऱ्याला तो दिसलाच नसता. कमलेशने तो ओरबाडून काढला.

लाल काटा खाली आला, मधोमध थांबला आणि तिथेच राहिला. गाडीत गार हवा सुटली. उमेशने पुढच्या काचाही वर घेतल्या.

दोघं बॉनेटपाशी उभे राहून काट्याकडे बघत राहिले. बराच वेळ झाला तरी काटा हलला नाही.

"घरापर्यंत गार राहील ना?" उमेशने विचारलं.

"राहील."

उमेशने एकदा मागे वळून बघितलं. मग तो कमलेशच्या अगदी जवळ आला. "आईला कळू देऊ नका. बाबा गेलेत."

कमलेशने झटकन त्याच्याकडे मान वळवली.

"जव्हार सोडल्यावर आरशात बघितलं तर आईच्या खांद्यावर मान पडली होती, तोंड उघडं. आईला वाटतंय झोपलेत. या रस्त्यात तिला कळलं तर मी एकटा तिला कसा सांभाळू? घरी चार बायका आहेत. तिथे सांगेन."

कमलेशने उघड्या बॉनेटच्या कडेने आत बघितलं. समोरच्या काचेतून म्हातारी दिसत होती. लेकाने आपल्याकडे बघितलेलं पाहून ती थोडी हसली. उमेशही हसला.

दोघांनी शब्दाने बांधून ठेवलेलं. सांगावं तरी कुणाला? पण या दोघांना असं एकमेकांकडे हसत वळणावळणांच्या रस्त्याने जाऊ देणं त्याच्याच्याने होईना. त्याने नळ्या काढल्या, बॉनेट लावलं, गॅरेजचं दार ओढून घेतलं.

"उमेशभाऊ, गाडी मी चालवतो. तुम्ही मागे बसा."

"अहो, कशाला?"

"बसा आईजवळ. दोघांनी बोला."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, उमेश मागे वळला. त्याने मागचं दार उघडलं. आतली गार हवा त्याच्या अंगावर आली. बसायला जागा करावी म्हणून त्याने वाकून चादरीखालचे बापाचे पाय हळूच उचलायला घेतले.

पाय झटकन आत ओढले गेले.

"ठके," चादरीतून घोगरा आवाज आला, "दार लाव ना गं. आन ते गार कमी करायला सांग पोराला. हुडहुडी भरली."