सोमाजीचा तबला

सिंदेवाहीच्या खेळानंतर तापानं फणफणलेल्या सोमाजी तबलजीला मागे ठेवून नाटक मंडळीची मेटाडोर मुलचेऱ्याकडे निघाली.

"बरा झाला का येजो," पेटीवाले वामनराव त्याला म्हणाले होते. तो गेल्याचा निरोपच आला. एक दिवस थांबायला हवं होतं, हे वामनरावांच्या मनातून जाईना.

तेव्हापासून दर गावी श्रावण नावाचा नवा तबलजी दुपारी सोमाजीचा तबला लावायला घेई आणि हातोडी खाली ठेवी. तबला पेटीच्या सुरात आधीच लागलेला असे.

आज नेहमीची काळी एक पट्टी सोडून काळी दोनमध्ये वाजवायचं, असं वामनरावांनी ठरवलं. कोणाला सांगितलं नाही.

श्रावणनं थाप मारली. "भाऊ, आज काळी दोनले लागला. काऊन?"

पेटी अजून उघडलीच नव्हती.

वामनरावांनी तबल्यावर हात ठेवला. सावलीतला तबला तापानं फणफणला होता.