शिवणीच्या आत

"मागून उभं कापून टाकू," शववाहिनीच्या गाडीवाल्याने सुचवले. "घरातलाच एखादा झगा वरून पसरायचा आणि कडा खाली दाबायच्या. सगळे असंच करतात. मागून कोण बघतंय?"

"मी बघतेय," थोरली म्हणाली.

थोरलीची पासष्टी उलटली होती आणि उंचीही बेताचीच होती; परंतु ती आपल्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतायच्या मेजामागे उभी राहिली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येई. मेजामागच्या दारातून आतली खोली दिसत होती. तिथे खिडकीखालच्या पलंगावर आई निजली होती. ती पहाटे गेली होती.

"चारला गाडी घेऊन या. तोवर तिच्या मापाचा झगा तयार असेल. जन्मभर बाईने गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे वापरले. आज तरी ती दुसऱ्याच्या मापात जायची नाही."

"ताई, अकरा वाजलेत," धाकटा भाऊ दारातून म्हणाला. "एका झग्यासाठी गिऱ्हाइकांना तू पंधरा-पंधरा दिवस चकरा मारायला लावतेस."

"गिऱ्हाइकांना थांबता येतं. तू बाहेर बस."

भावाची मुलगी, शाळेत शिकवणारी, वही-पेन्सिल घेऊन आत्याच्या मागोमाग आत गेली. दुकानात पाऊल टाकणाऱ्याचे माप थोरली नजरेनेच सांगे. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आताही तिने पलंगाकडे धड न पाहताच सांगितले, "छाती छत्तीस. लिही." मग रीत म्हणून चादरीखाली हात घालून टेप फिरवली.

टेप अठ्ठावीसवर मिटली.

तिने टेपेचा पीळ काढला आणि पुन्हा लावली. पुन्हा अठ्ठावीसच.

"टेप चुकली असेल, आत्या."

"टेप चुकत नसते," थोरली म्हणाली. पेन्सिल घेऊन छत्तीसवर तिने स्वतःच काट मारली. अठ्ठावीस हे बारा वर्षांच्या मुलीचे माप होते.

दोघींनी मिळून आईच्या अंगातला करडा झगा पुढची बटणे सोडून हलक्या हाताने उतरवला. थोरलीने तो उलटा करून खिडकीशी धरला. मूळच्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती. तिच्या आत तिसरी, मग चौथी, मग पाचवी. दोन्ही कुशींना चार-चार वेळा कापड आत घेतलेले. करड्या कापडाला करडा दोरा लावण्याचीही तसदी घेतलेली नव्हती. त्या दिवशी मशीनवर जो होता, तोच चालवलेला. काळा, निळा, खाकी, पांढरा.

थोरलीला तारखा विचाराव्या लागल्या नाहीत. काळा दोरा बँडवाल्यांच्या कोटांचा होता. त्याला दोन वर्षे झाली. निळा गेल्या वर्षीच्या गणवेशांचा, खाकी कारखान्याच्या डगल्यांचा. पांढरा दवाखान्याच्या कोटांचा, आणि ते कोट आठवड्यापूर्वीच रवाना झाले होते. दोन वर्षे आई शेजारच्या मशीनवर विरत होती, आणि बाहेरून झगा नेहमी अंगाबरोबर बसलेला दिसत होता.

"जेवलीस का, असं रोज विचारत होते मी," थोरली म्हणाली. "रोज. 'जेवले गं, तू टीप मार,' म्हणायची."

मुलगी झग्याच्या पांढऱ्या टाक्यांकडे पाहत होती. "या दोऱ्याने मशीनची सुई मीच ओवून दिली, आत्या. कोणाचं आहे विचारलं, तर आजी म्हणाली, गिऱ्हाइकाचं."

थोरलीने कपाटातून निळसर लोकरीचा तागा काढला, मेजावर उलगडला, खडूने आखला आणि कात्री चालवली. हात ताठलेले असल्यामुळे झगा पुढून पूर्ण उघडणारा बेतला. मशीन सुरू झाले. मुलगी काजे करायला बसली.

"माझ्या प्रत्येक फ्रॉकला आजी आतून चोरखिसा शिवायची," बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली. "म्हणायची, खिसा दिसला की लोक हात घालतात."

"तुला शिवून दिला. माझा मलाच शिवायला लावला. सात वेळा उसवला माझ्यासमोर." थोरलीने दाताने दोरा तोडला. "आठव्यांदा बघितला आणि म्हणाली, चालेल. एवढंच. तोंडात टाचण्या धरून."

मुलगी हसली, आणि हसता हसताच तिने हातातले काम खाली ठेवून डोळे पुसले.

"ओलं करू नकोस कापड. लोकर आहे, आटेल."

पावणेचारला शेवटचे बटण लागले. आईला झगा घालायला दोघींना पंधरा मिनिटे लागली. कोपर वाकत नव्हते, आणि बाही चढवताना मुलीने दोनदा तोंड फिरवले. थोरलीने मात्र फिरवले नाही. तिने खालपासून गळ्यापर्यंत बटणे लावली, कॉलर सरळ केली आणि दोन पावले मागे सरकून पाहिले. खांदा खांद्यावर होता. बाही मनगटावर थांबली होती. कुशीत कोठे एकही चुणी नव्हती.

धाकटा भाऊ आणि गाडीवाला उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले.

"हात वर करून दाखव, आई," थोरली आपल्या रोजच्या, गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाली. "काखेत धरतंय का?"

उंबऱ्यावरचे कोणीच हलले नाही. गळ्यात टेप, मान किंचित तिरकी, अशी थोरली पलंगाकडे पाहत उत्तरासाठी थांबून राहिली.